बाबांच्या फ्लॅटचे तीन आकडे: खरा कोणता?

वाचकाचं पत्र

आम्ही तीन भावंडं. आई सहा वर्षांपूर्वी गेली, बाबा गेल्या मार्चमध्ये गेले. मृत्युपत्र नाही. कोथरूडला बाबांनी १९९४ साली घेतलेला फ्लॅट आहे: दुसरा मजला, लिफ्ट नाही, करारात ६२० चौरस फूट कार्पेट लिहिलंय. शिवाय वाई तालुक्यात गावाकडे ८० आर जमीन. तिच्या सातबाऱ्यावर बाबांबरोबर काकांचंही नाव आहे. गावठाणात जुनं घर आहे, ते बाबांच्या एकट्याच्या नावावर. मोठा भाऊ कुटुंबासह फ्लॅटमध्येच राहतो आणि त्याला तो ठेवायचा आहे. धाकटा न्यू जर्सीत असतो, मी ठाण्यात.

दादा म्हणतो, रेडी रेकनरप्रमाणे फ्लॅट ७८ लाखांचा आहे. त्याने एका बँकेच्या व्हॅल्युअरचा अहवालही दाखवला, त्यात ८४ लाख लिहिलेत. धाकट्याने फोनवर एका एजंटला विचारलं, तर तो म्हणाला १ कोटी ३० लाख आरामात येतील. त्यातच सोसायटीत रिडेव्हलपमेंटची चर्चा सुरू आहे. दादा म्हणतो, तुम्ही दोघं आधी हक्कसोडपत्र करून द्या, पैशांचं नंतर बघू. मला भांडायचं नाही, पण फसायचंही नाही. किंमत कोणाकडून आणि कशी काढून घ्यायची? — एक वाचक, ठाणे

उत्तर

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट: आकडा आणि तो मिळण्याची पद्धत कागदावर येत नाही, तोवर हक्कसोडपत्रावर सही करू नका. भावंडांमध्ये विनामोबदला केलेलं हक्कसोडपत्र सध्या ५०० रुपयांच्या मुद्रांकावर होतं आणि दुय्यम निबंधकाकडे एका सकाळी नोंदवूनही होतं. ते सोपं असल्यामुळेच घाईने केलं जातं. एकदा नोंदलं की तुमचा हिस्सा गेला. ‘पैशांचं नंतर बघू’ हे वाक्य त्यात कुठेही नसतं, आणि विनामोबदला म्हणून सही केल्यावर मोबदला मागायला कायद्याने फारसा आधार उरत नाही. दादांच्या मनात काही वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. पण उद्या दादांनाच काही झालं, तर तुमचा व्यवहार वहिनी आणि भाच्यांशी असेल, आणि त्यांनी तुम्हाला कसलाही शब्द दिलेला नसेल.

आता आकड्यांकडे. तुमच्याकडे आलेल्या तीनही आकड्यांत कोणी खोटं बोललेलं नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या कामासाठी काढलेला आहे, इतकंच.

रेडी रेकनर म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाचा वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता. मुद्रांक शुल्क कमीत कमी किती रकमेवर घ्यायचं, हे ठरवायला तो असतो. एका मूल्यविभागातल्या सगळ्या निवासी इमारतींना एकच मूळ दर लागतो. रस्त्यावरची आणि गल्लीतली, टँकरवर जगणारी आणि भरपूर पाण्याची, सगळ्या एकाच मापात. बांधकामाच्या वयाचा घसारा, लिफ्ट नसणं, मजला यांसाठी ठरावीक वजावटी आणि वाढी आहेत, पण त्याही सरसकट. दादांनी ५७.६ चौरस मीटर कार्पेटला (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ) १.२ ने गुणून बिल्टअप (भिंती धरून येणारं क्षेत्रफळ) काढलं आणि त्याला दर लावला असावा. हिशोब बरोबर असेल, पण त्यातून निघतो तो शुल्काचा पाया. माणूस फ्लॅटसाठी काय मोजेल ते नव्हे.

बँकेच्या अहवालाचं शेवटचं पान नीट पाहा. कर्जासाठीच्या अहवालात बहुतेक वेळा तीन किमती असतात: बाजारमूल्य, विकल्यावर प्रत्यक्ष हाती पडू शकेल ती किंमत, आणि कर्ज थकलं तर घाईने विकावं लागल्यास येईल ती ‘डिस्ट्रेस’ किंमत. ही तिसरी बरेचदा बाजारमूल्याच्या ७५ ते ८० टक्के धरतात. ८४ लाख ही १ कोटी ५ लाखांची बरोबर ८० टक्के रक्कम आहे. त्याच पानावर दोन ओळी वर मोठा आकडा असण्याची शक्यता खूप आहे. अहवालाचं एक पान नको, पूर्ण प्रत मागा.

एजंटचा आकडा फुगतो तो क्षेत्रफळात. ६२० कार्पेटचा फ्लॅट जुन्या बोलीत, जिन्यासारख्या सामायिक जागेचा वाटाही धरून, ‘८७० सेलेबल’ होतो. त्याला जवळच्या नव्या, लिफ्ट आणि पार्किंगवाल्या इमारतीतला १५,००० चा दर लावला की १ कोटी ३० लाख ५० हजार येतात. म्हणजे कार्पेटवर चौरस फुटाला २१,००० च्या पुढे. तीस वर्षांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत एवढे देणारा घेणारा समोर उभा असेल तर प्रश्नच नाही. पण ही विक्रेत्याची मागणी झाली, झालेला व्यवहार नव्हे. तिघांनी आपसात एक नियम करा: यापुढे सगळी बोलणी कार्पेट चौरस फुटात. ‘सेलेबल’ हा शब्दच नको.

या फरकाने किती बिघडतं ते पाहा. समजा, जमिनीतला बाबांचा हिस्सा आणि गावचं घर मिळून ४५ लाख. फ्लॅट १ कोटी ५ लाखांचा धरला तर एकूण दीड कोटी, प्रत्येकाचे ५० लाख. फ्लॅट ठेवणाऱ्या दादांनी इतरांना ५५ लाख द्यायचे. फ्लॅट ७८ लाखांचा धरला तर एकूण १ कोटी २३ लाख, प्रत्येकाचे ४१, आणि दादांनी द्यायचे ३७. म्हणजे एका रेडी रेकनरपायी तुम्हा दोघांचे मिळून १८ लाख कमी होतात. उलट १ कोटी ३० लाख धरले तर दादांना त्यांच्याच घरासाठी प्रत्यक्षात न मिळणाऱ्या किमतीने पैसे मोजावे लागतील. दोन्ही अन्यायच.

तिघांचे हिस्से समान, याबद्दल शंका नको. फ्लॅट बाबांनी स्वतः घेतलेला. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस. आई आणि आजी दोघीही आता नसतील, तर तुम्ही तिघंच आणि प्रत्येकी एकतृतीयांश. जमीन वडिलोपार्जित ठरली तरी २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. सोसायटीत बाबांनी कोणाला नॉमिनी केलं होतं, याने मालकी ठरत नाही. नॉमिनीने वारसांच्या वतीने सांभाळायचं असतं.

व्हॅल्युअर कसा निवडायचा

आयकर विभागाकडे नोंदणी झालेले व्हॅल्युअर असतात; ही नोंदणी मुळात संपत्ती कर कायद्याच्या कलम ३४एबी खालची. लोक त्यांना ‘गव्हर्नमेंट अप्रूव्हड व्हॅल्युअर’ म्हणतात. संपत्ती कर केव्हाच रद्द झाला, ही नोंदणी मात्र चालू राहिली आणि कराच्या कामाला तिचाच अहवाल लागत आला आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि वर्ग विचारा. इथे लोक चुकतात: स्थावर मालमत्तेचा वर्ग वेगळा आणि शेतजमिनीचा वेगळा. कोथरूडच्या फ्लॅटचा अहवाल देणारा माणूस वाईच्या शेताला चालेलच असं नाही. शेतासाठी साताऱ्याकडचा, त्या वर्गातला माणूस घ्या. त्याला कालव्याखालचं रान आणि माळरान यांतला फरक तिथला म्हणून ठाऊक असतो.

एकच व्हॅल्युअर तिघांनी मिळून नेमायचा. पत्रावर तिघांच्या सह्या, फी तिघांत सारखी वाटलेली, आणि अहवाल एकाच ईमेलने तिघांना. एकट्या दादांनी नेमला तर धाकटा मानणार नाही, तुम्ही नेमला तर दादा. फी आधी ठरवा आणि ती ठोक रकमेत ठरवा. किमतीच्या टक्क्यावर फी ठेवली की आकडा वर गेल्यास फायदा व्हॅल्युअरचा, आणि मग शंका घ्यायला निमित्त मिळतं.

नेमणुकीचं पत्र हा सगळ्या कामाचा गाभा आहे, आणि नेमकं तेच कोणी लिहीत नाही. फोनवर ‘फ्लॅटचं व्हॅल्युएशन हवंय’ एवढंच सांगितलं तर व्हॅल्युअर सवयीने बँकेसाठी करतात तसा अहवाल देईल. तुमच्या पत्रात साधारण असं असावं:

‘आम्ही तिघे सहवारस आपसातील वाटपासाठी खालील मालमत्तेचे बाजारमूल्य जाणून घेऊ इच्छितो. फ्लॅट रिकामा ताबा मिळणार असे गृहीत धरावे. एका वारसाचे वास्तव्य किंवा हिस्सा अविभक्त असणे यासाठी कोणतीही वजावट करू नये. क्षेत्रफळ प्रत्यक्ष मोजून कार्पेटमध्ये द्यावे. तुलनेसाठी घेतलेल्या किमान तीन नोंदणीकृत व्यवहारांचे दस्त क्रमांक, तारीख, क्षेत्रफळ, किंमत आणि प्रत्येकात केलेली वाढ-घट कारणासह लिहावी. घाईच्या विक्रीची किंमत नको. मूल्य तीन तारखांना द्यावे: १ एप्रिल २००१, वडिलांच्या मृत्यूची तारीख आणि पाहणीची तारीख.’

‘रिकामा ताबा’ हे शब्द गाळू नका. राहता माणूस असलेल्या जागेची किंमत बाजारात पडते. पण इथे राहणारा आणि घेणारा एकच आहे, म्हणून ती घट धरली तर दादांना स्वतःच्याच राहण्याची सवलत मिळेल. अविभक्त हिश्श्याचंही तेच. परका माणूस एकतृतीयांश हिस्सा पडेल भावातच घेईल. दादांच्या हाती मात्र तिन्ही हिस्से एकत्र येऊन अख्खा फ्लॅट होणार आहे.

तीन तारखा का?

वाटपासाठी आजची किंमत. बाबा गेले त्या दिवशीची किंमत भारतात कोणत्याही कराला लागत नाही, कारण इस्टेट ड्युटी, म्हणजे मृताच्या मालमत्तेवरचा कर, १९८५ सालीच रद्द झाली आणि वारशावर आयकर नाही. तरीही ती काढून घ्या, ती तुमच्या धाकट्या भावासाठी. ते अमेरिकेत कर भरत असतील तर तिथल्या नियमाने वारशाच्या मालमत्तेची मूळ किंमत मृत्यूच्या दिवसाच्या बाजारमूल्यावर धरतात. पुढे विक्री झाली तर त्यांचा तिथला नफा त्यावरून मोजला जाईल. दहा वर्षांनी मागे जाऊन हा आकडा काढणं अवघड आणि संशयास्पद दिसतं, आज एका ओळीत होतं. शिवाय परदेशी व्यक्तीकडून एका वर्षात १ लाख डॉलरपेक्षा जास्त वारसा मिळाला तर तिथे ३५२० क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. कर नसला तरी फॉर्म चुकला तर दंड मोठा असतो. ५० लाख त्या मर्यादेच्या आत आहेत, पण बाबांच्या ठेवी, फंड, दागिने यांतला त्यांचा वाटाही मिळवून बघायला सांगा.

१ एप्रिल २००१ ची किंमत उपयोगी पडते ती विक्रीच्या वेळी. वारशाने आलेल्या जागेची खरेदी किंमत म्हणून बाबांची खरेदी किंमत धरतात. ती खरेदी २००१ आधीची असेल तर त्या तारखेचं बाजारमूल्य घेता येतं. पण २०२० च्या अर्थसंकल्पापासून एक लगाम आहे: त्या तारखेचं मुद्रांक मूल्य उपलब्ध असेल तर तुमचा आकडा त्याच्या वर जाऊ शकत नाही. पुण्याचा २००१ चा रेडी रेकनर आहे, त्यामुळे व्हॅल्युअरने त्याची प्रत जोडलीच पाहिजे. त्याने मनाने फुगवलेला आकडा करनिर्धारणात टिकणार नाही.

याचा फायदा किती? लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी. समजा खरेदी साडेचार लाखांची आणि २००१ चं मूल्य ९ लाख. जुलै २०२४ नंतरच्या १२.५ टक्के दराने वाचतात ५६,२५० रुपये आणि त्यावरचा सेस. निवासी व्यक्तीला २३ जुलै २०२४ आधीच्या मालमत्तेवर महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही आहे. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६, म्हणजे ९ लाखांचे ३३ लाख ८४ हजार होतात. १ कोटी ५ लाखांच्या विक्रीवर या वाटेने कर सुमारे १४ लाख २३ हजार येतो आणि साध्या १२.५ टक्क्यांच्या वाटेने १२ लाख. म्हणजे इथे निर्देशांक न लावणंच स्वस्त. धाकट्या भावाला अनिवासी म्हणून हा पर्याय मुळात नाहीच. जागा तिऱ्हाइताला विकली तर त्यांच्या हिश्श्यातून खरेदीदाराला कर आधीच कापावा लागेल. तो अख्ख्या किमतीवर कापला जाऊ नये म्हणून कमी कपातीचा दाखला आधी काढावा लागतो.

पाहणीच्या दिवशी

आधी कागद गोळा करा: खरेदीखत आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा), शेअर सर्टिफिकेट, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र. सोसायटीच्या जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालंय का, हेही विचारा. झालं नसेल तर किंमत आणि रिडेव्हलपमेंट दोन्ही अडतात.

व्हॅल्युअर येईल तेव्हा तुम्ही किंवा तुमच्या वतीने कोणीतरी हजर राहा. तो भिंतीपासून भिंतीपर्यंत लेझरने मोजेल. १९९४ च्या करारातले ६२० प्रत्यक्षात ५९० निघणं नवलाचं नाही, आणि १७,००० च्या दराने ३० फूट म्हणजे ५ लाख १० हजार. बाल्कनी बंद करून खोलीत घेतली असेल आणि मंजुरी नसेल तर ती कार्पेटमध्ये धरता येत नाही. पार्किंग विकत घेतलेलं नसून सोसायटीने वाटलेलं असेल, तर तेही वेगळं लिहायला हवं. गच्चीखालच्या फ्लॅटमधली गळती, बीमला गेलेले तडे, बाहेर आलेली गंजकी सळई यांचे फोटो अहवालात असावेत.

तुलनेचे व्यवहार तुम्हीही तपासू शकता. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव आणि सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकून सूची क्रमांक दोन मोफत पाहता येते. आपल्याच इमारतीतला गेल्या दीड वर्षातला एक व्यवहार मिळाला तर तो शंभर एजंटांपेक्षा भारी. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असेल, १०.७६४ ने गुणा. कार्पेट आहे की बिल्टअप हे नीट वाचा, इथली गल्लत थेट वीस टक्क्यांची असते. तुमच्याच इमारतीतला ६०० कार्पेटचा फ्लॅट १ कोटी २ लाखांना गेला असेल तर दर १७,०००, आणि त्याने तुमचे ६२० फूट १ कोटी ५ लाख ४० हजारांचे. मग मजला, पार्किंग, आतली डागडुजी आणि मधला काळ यांची वाढ-घट. एखाद्या तुलनेत ही वाढ-घट १५-२० टक्क्यांच्या पुढे जात असेल, तर ती तुलनाच गाळायला सांगा.

दादांनी केलेला खर्च या किमतीत मिसळू नका. त्यांनी बाबांच्या पश्चात भरलेला मेंटेनन्स, कर, केलेलं वॉटरप्रूफिंग यांचा कागद वेगळा करा. बाबांच्या आजारपणात त्यांनी आणि वहिनींनी जे केलं त्याची कदर करायची असेल, आणि आम्हाला वाटतं ती करावी, तर तिघांनी मिळून एक रक्कम ठरवा आणि तीही उघडपणे त्याच कागदात लिहा. फ्लॅटची किंमत गुपचूप खाली आणून ती फेडली की पुढे कोणालाच कळत नाही कोणी कोणाला किती दिलं.

गावची जमीन

इथे सावध राहायला हवं, कारण नोंदणीकृत व्यवहारांवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. शेतजमिनीच्या कितीतरी दस्तांत रेडी रेकनरच्याच आसपासची रक्कम दिसते. म्हणून व्हॅल्युअरने दस्तांबरोबर शिवारातल्या चार जणांकडून भाव विचारून तसं अहवालात लिहावं. जवळपास भूसंपादन झालं असेल तर त्याचा निवाडाही पाहावा.

सातबाऱ्यावर ८० आर आहेत ते बाबा आणि काका दोघांचे मिळून. आठ-अ चा (खातेदाराच्या एकूण जमिनीचा) उतारा आणि जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, काढून बाबांचा हिस्सा किती ते आधी नक्की करा. निम्मा, म्हणजे ४० आर, असं धरून चालू नका. एखादी आत्या जुन्या फेरफारात राहून गेलेली असते. आर आणि गुंठा एकच समजण्याची सवयही सोडा. आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १,०७६ चौरस फूट. गुंठा म्हणजे १,०८९. भाव गुंठ्यावर आणि क्षेत्र आरमध्ये असलं की हिशोब थोडा सरकतो. पोटखराब्याचं, म्हणजे लागवडीला न येणारं, क्षेत्र वेगळं काढा, त्याला लागवडीच्या रानाचा भाव येत नाही.

‘इतर हक्क’ हा रकाना ओळ न ओळ वाचा. गावच्या विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाची नोंद, विहिरीतल्या पाण्याच्या पाळ्या, सगळं तिथे असतं. भोगवटादार वर्ग २ (विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तर परवानगी आणि नजराण्याशिवाय विक्री नाही, तेवढी किंमत खाली. आणि रस्ता! सातबाऱ्यावर वहिवाटीचा रस्ता नसेल तर शेजारी बांधावरून जाऊ देतो तोवरच ती जमीन चांगली. काकांशी सरकारी मोजणी करून वाटप झालं, तर त्याच मातीला जास्त भाव येतो. म्हणून जमल्यास जमिनीचा अहवाल मोजणीनंतर घ्या. वारसनोंद मात्र थांबवू नका. ती तीन महिन्यांत कळवायची असते, राहिली असेल तर आताच ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा तलाठी) अर्ज द्या.

गावठाणातल्या घराचं बांधकाम जुनं असेल तर किंमत मुख्यतः खालच्या जागेची. सागवानी तुळया, खांब चांगले असतील तर तेवढं सामान वेगळं धरता येतं. ड्रोन मोजणीनंतर मालमत्ता पत्रक निघालं असेल तर क्षेत्रफळ त्यावरून घ्या. नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीचा उतारा.

रिडेव्हलपमेंटचं काय करायचं

नुसत्या चर्चेला किंमत नसते. सोसायटीकडून लेखी विचारा: सर्वसाधारण सभेचा ठराव झाला का, निविदा आल्या का, विकासकाशी करार नोंदला का. करार नोंदला असेल तर नवा फ्लॅट किती कार्पेटचा, कधी, आणि हाती किती रक्कम, यावरून व्हॅल्युअर आजची किंमत काढू शकतो. तोवर तो फार तर अंदाज लिहील, आणि त्या अंदाजावरून भांडण पेटेल.

त्यापेक्षा आज फ्लॅट आहे त्या स्थितीत मोजा आणि वाटपाच्या कागदात एक कलम घाला: पुढच्या पाच वर्षांत विकास करार नोंदला गेला, तर आजच्या कार्पेटपेक्षा जास्त मिळणारी जागा आणि कॉर्पस (विकासक हाती देतो ती रक्कम) यांची त्या दिवशीची किंमत तिघांत समान, स्थलांतराचं भाडं आणि हलवण्याचा खर्च मात्र पूर्ण दादांचा. दादा अशा लाभाचे पैसे लगेच देऊ शकणार नाहीत, म्हणून मुदत नव्या घराचा ताबा मिळाल्यावर सहा महिने ठेवा. हे कलम मान्य झालं की ‘आज जास्त मागू की उद्या पस्तावू’ ही तुमची चिंताही निम्मी होईल.

कागद आणि पैसे

दादा तुम्हाला रक्कम देणार असतील तर दस्ताचा प्रकार आधी वकील आणि सीए दोघांना एकत्र बसवून ठरवा. सगळ्या मालमत्तांचं मिळून कौटुंबिक वाटप असेल तर त्यात भरपाईचे पैसे दिले तरी आयकरात ते सहसा विक्री धरत नाहीत. एकट्या फ्लॅटवरचा हक्क मोबदला घेऊन सोडला तर तुमच्यावर भांडवली नफ्याचा कर आणि दस्तावर खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क असा प्रश्न उभा राहू शकतो. शुल्काबद्दल शंका असेल तर मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी पाठवा, ते शुल्क लेखी ठरवून देतात. पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून नुसता नोटरी केलेला वाटपाचा कागद फ्लॅटच्या मालकीला पुरत नाही. हक्क ज्या कागदाने बदलतो तो नोंदवावाच लागतो.

धाकटे भाऊ येऊ शकत नसतील तर त्यांचं कुलमुखत्यारपत्र तिकडे साक्षांकित करून आणा आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. त्यांचे पैसे एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या रुपयातल्या खात्यात, येतील. तिथून कर आणि सीएच्या दाखल्यांची पूर्तता करून आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात.

दादांना कर्ज काढावं लागेल, त्याला दोन-तीन महिने सहज जातात. अहवालाची किंमत सहा महिने कायम, त्यानंतर ठरावीक व्याज, असं लिहून ठेवा. सही आणि चेक एकाच दिवशी, निबंधक कार्यालयात.

अहवाल आल्यावर एखाद्याला पटलाच नाही तर दुसरा व्हॅल्युअर नेमा. दोन आकड्यांत दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर सरासरी घ्या, जास्त असेल तर त्या दोघांनी मिळून तिसरा सुचवावा. हे पहिल्याच पत्रात लिहून ठेवायचं. नंतर त्यावर एकमत होत नाही.

दादांना काय म्हणायचं, याचीच तुम्हाला जास्त काळजी दिसते. तिघांच्या ग्रुपवर एवढं लिहून पाठवा: ‘दादा, फ्लॅट तूच ठेव, आम्हा दोघांना ते मान्य आहे. किंमत आपण तिघं मिळून नेमलेल्या व्हॅल्युअरकडून घेऊ, फी तिघांत. पत्राचा मसुदा सोबत आहे, त्यात तुला काही घालायचं असेल तर घाल. रविवारपर्यंत सह्या करू.’

आणि मसुदा खरंच सोबत जोडा.